डावीकडे जड जाते

आगोटीची कामे आमच्या घरी ठरलेल्या क्रमाने होतात. कौले चाळून घ्यायची, पडवीच्या पश्चिम बाजूला झापांचा आडोसा बांधायचा, लाकडे मांडवातून आत घ्यायची, आमसुले बरण्यांत भरायची आणि सगळ्यांत शेवटी, मृगाच्या चार-आठ दिवस आधीच्या एखाद्या सकाळी, खळ्यात उभ्या असलेल्या फियाटचे ग्रीसिंग करायचे. गेल्या वर्षी या कामाला माझा चौदा वर्षांचा पुतण्या मदतीला होता. जॅक लावून, गाडीखाली फणसाच्या लाकडाचे ठोकळे सरकवून आम्ही दोघे पोत्यावर आडवे झालो. त्याच्या हातात बॅटरी होती आणि माझ्या हातात ग्रीस गन. मी त्याला सांगितले, की या कामात दांडा किती वेळा दाबला ते मोजायचे नसते. निपलमधून, म्हणजे सांध्यावरच्या गन लावायच्या बारीक तोटीतून, नवे ग्रीस आत शिरते, आतले जुने सांध्याच्या कडेने बाहेर येते, आणि जुन्याच्या मागून नव्याचा स्वच्छ रंग दिसू लागला की मगच हात थांबवायचा. उजव्या चाकाच्या दोन्ही निपलांवर त्याने हे डोळ्यांनी पाहिले. आधी काळपट तांबूस लगदा आला, मग त्यामागून काकवीच्या रंगाची वळी आली. त्याला त्याचे फार अप्रूप वाटले.

डाव्या चाकाचे खालचे निपलही तसेच भरले. वरच्या निपलावर मात्र दांडा दोनदा दाबला गेला आणि तिसऱ्यांदा घट्ट झाला. आणखी जोर लावल्यावर ग्रीस आत जाण्याऐवजी गनच्या तोंडाभोवतीच फुगून आले. मी ते चिंधीने पुसले आणि म्हणालो, "भरलंय." पुतण्याने बॅटरी सांध्याच्या जवळ नेली, कडेकडेने फिरवली आणि म्हणाला, "काका, पण जुनं बाहेर आलंच नाही." मी म्हणालो, "आधीचंच पुरेसं असेल." मग उठलो, हात रॉकेलने धुतले आणि वहीत त्या रकान्यात बरोबरची खूण केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या तोंडून ते उत्तर किती सहज निघाले, याचाच विचार मी करत राहिलो. ते त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलेले नव्हते. तेच चाक, तेच वरचे निपल, तशीच मध्येच घट्ट होणारी गन आणि तोच शब्द. फक्त पूर्वी विचारणारे अण्णा, माझे वडील, असत. सत्तरी उलटल्यावर त्यांना गाडीखाली आडवे होणे जमेनासे झाले, तेव्हापासून ते काम माझ्याकडे आले होते. मी पुण्याहून वर्षातून दोनदा येत असे, आगोटीला आणि दिवाळीनंतर. अण्णा खळ्यात खुर्ची टाकून, गुडघ्यावर वही घेऊन बसत आणि एकेक सांधा विचारत. "उजवे खालचे?" "झाले." "जुने बाहेर आले?" "आले." मग पेन्सिलीची खूण. डाव्या वरच्यापाशी आलो की मी गाडीखालूनच "आले" म्हणत असे. तिथून काहीच आलेले नसे. पाठीखाली खडे टोचत, घाम डोळ्यांत उतरत असे, संध्याकाळची पुण्याची गाडी गाठायची असे, आणि गन घट्ट झाली म्हणजे आत जागा उरली नाही, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. त्यामुळे आपण खोटे बोलतो आहोत, असेही मला कधी वाटले नाही.

गाडीच्या कागदांवर नाव प्रीमियर पद्मिनी असे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ती 1964 पासून आधी डिलाइट म्हणून आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून तयार होत असे. पण आमच्या गावात तिला फियाट याशिवाय दुसरे नाव कोणी दिले नाही. अण्णांनी 1979 मध्ये नाव नोंदवले आणि 1984 मध्ये गाडी घरी आली. अण्णा हायस्कुलात गणित शिकवत. त्यांनी गाडीची वही पहिल्या दिवसापासून ठेवली, आणि त्या वहीतली सर्वांत जास्त पाने इंजिनासाठी खर्ची पडलेली नाहीत, पुढच्या सस्पेन्शनसाठी पडली आहेत. त्यांचे म्हणणे असे, की इंजिन बिघडले तर गाडी थांबते, माणूस खाली उतरतो आणि चालू लागतो. पुढचे चाक बिघडले तर माणसाला उतरायला वेळ मिळत नाही. कुंभार्ली घाटातून कराडला जाण्याआधी ते आदल्या संध्याकाळी पुढची दोन्ही चाके उचलून, वर-खाली धरून हलवून पाहत. निपलच्या तोंडात धूळ बसू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून, वर दोऱ्याने आवळून त्यांनी प्रत्येक निपलसाठी टोपी केली होती. ग्रीसिंगच्या दिवशी त्या टोप्या काढून ते एका वाटीत ठेवत आणि शेवटी मोजून परत घालत.

या गाडीची मागची चाके एका अखंड आसावर, पाट्यांवर बसवलेली आहेत. बैलगाडीपासून माणसाला ठाऊक असलेलीच ती रीत आहे. पुढे मात्र प्रत्येक चाकाचा संसार वेगळा आहे. वर एक हात, खाली एक हात, मध्ये दाबून बसवलेली स्प्रिंग, तिच्या जोडीला शॉकअप, आणि या दोन हातांच्या टोकांना धरून उभा असलेला एक खांब. त्या खांबात पोलादाची जाड पिन असते, तिला किंगपिन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की चाक या पिनेभोवती फिरते, आणि पिनेवर वर एक व खाली एक असे दोन पितळी बुश, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या, असतात. आमच्या जुन्या घराचे माजघराचे दार असेच होते. त्याला बिजागऱ्या नव्हत्या. फळीलाच वर-खाली खुंट काढलेले होते आणि ते उंबऱ्याच्या व चौकटीच्या खाचांत फिरत. आई वर्षातून दोन-तीनदा त्या खाचांत खोबरेल सोडत असे. ते दार ओळंब्यात नव्हते, किंचित आत कललेले होते, म्हणून उघडून सोडले की आपसूक मिटत असे. किंगपिनसुद्धा सरळ उभी नसते. तिचे वरचे टोक आत आणि थोडे मागे कललेले असते, त्यामुळे चाक वळवताना गाडीचे नाक अगदी थोडे उचलले जाते, आणि वळण संपल्यावर हाताची पकड सैल केली की गाडीचेच वजन चाकाला पुन्हा सरळ आणते. चालवणाऱ्याला ते तळव्यांत कळते. स्टिअरिंग बोटांखालून सरकत आपल्या जागी परतते. अण्णा त्याला 'घरी येणे' म्हणत. मला गाडी शिकवताना त्यांनी पहिला धडा तोच दिला होता: वळवायचे आपण, पण घरी तिला येऊ द्यायचे, ओढून आणायचे नाही.

या साऱ्या सांध्यांना सर्वांत मोठा वैरी आमच्याकडे रस्ता नसून हवा आहे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की खिडकीच्या गजांवर मिठाची खरखर बोटाला लागते, कडी-कोयंडे दर दोन वर्षांनी बदलावे लागतात, आणि घरातली सुईसुद्धा तेलाच्या चिंधीत ठेवावी लागते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस वेगळाच. जांभ्याची लाल माती चाकांवरून उडून खालच्या हातांवर बसते, उन्हाने विटेसारखी कडक होते आणि आतल्या अंगाला महिनोन्महिने ओल धरून ठेवते. त्या ओलीत खार असतो. त्यातून धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने गेलो, की ओहोटीच्या वेळी उतारावर शेवाळ आणि खाडीचे पाणी असतेच. बोटीची फळी खाली-वर होते, पुढची चाके त्या पाण्यातून जातात. अण्णा घरी परतल्यावर चहासुद्धा न घेता विहिरीच्या गोड्या पाण्याच्या चार कळश्या पुढच्या चाकांच्या आत ओतत, आणि दुसऱ्या दिवशी गन काढत. ग्रीसचे काम सांधा गुळगुळीत ठेवण्यापुरते आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. अण्णांच्या लेखी ते निम्मेच काम होते. सांध्याच्या कडेला ग्रीसची जी वळी राहते, ती बांधासारखी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, आणि आत शिरलेली घाण बाहेर ढकलायला दुसरा मार्गच नसतो. म्हणून जुने ग्रीस ते फेकण्याआधी वाचत असत. ते चिमटीत धरून चोळायचे: करकरले तर माती शिरली आहे, ताकासारखे पांढुरके झाले असेल तर पाणी शिरले आहे, चमचमले तर पितळ झिजते आहे. वहीत त्यांच्या नोंदी तशाच आहेत. '12 ऑक्टोबर. उजवे खालचे, पांढरे. पुन्हा आठ दिवसांनी पाहणे.'

2012 मध्ये दोन्ही बाजूंच्या किंगपिन झिजल्या, म्हणून एका गॅरेजात नवा संच टाकून घेतला. मी तेव्हा पुण्यात होतो. बिल अण्णांनी वहीला टाचणीने लावून ठेवले आहे. पुढच्या आगोटीला आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितले, "हल्ली डावीकडे जड जाते." मी गाडी घेऊन शृंगारतळीपर्यंत जाऊन आलो. वाटेत मुद्दाम डावी वळणे घेतली, उजवी घेतली, दोन्हींकडे सारखेच वाटले. या गाडीचे स्टिअरिंग तसेही आजच्या गाड्यांच्या मानाने जडच आहे. मी परत येऊन सांगितले, "काही नाही अण्णा, डावीकडे-उजवीकडे सारखंच आहे." ते गप्प राहिले. दिवाळीनंतर पुन्हा तेच: "डावीकडे जड जाते. आणि घरी येत नाही पूर्वीसारखी." त्यांना तेव्हा पंचाहत्तर पुरी झाली होती. उजव्या खांद्याचे दुखणे सुरू होते. मी हळुवारपणे, अगदी जपून शब्द निवडत त्यांना म्हणालो, "गाडी तीच आहे, अण्णा. आपला हात आता पूर्वीचा राहिला नाही." माझ्या आवाजातली ती समजूतदार माया मला अजून ऐकू येते.

2014 च्या डिसेंबरात हेदवीहून येताना एका वळणावर चाक वेळेवर सरळ आले नाही आणि गाडी कडेच्या गडग्याला घासली. कोणाला काही लागले नाही. डाव्या मडगार्डवर हातभर पोचा आला आणि गडग्याचे चार जांभे सुटले. फोनवर भावाचे आणि माझे बोलणे झाले. अण्णांना कोणी काही म्हणण्याआधीच त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून आईच्या हातात दिली. त्यानंतर ते गाडीत मागच्या सीटवर बसले, पुढे कधी बसले नाहीत. 2018 च्या श्रावणात ते गेले. वहीतल्या खुणा तोवर त्यांच्याच हातच्या आहेत.

रात्रभर हे सारे आठवत राहिल्यावर सकाळी मी पुन्हा गाडीखाली शिरलो. डावे वरचे निपल पान्याने काढले. आधी वाटले, निपलच चिखलाने बुजले असेल. ते रॉकेलमध्ये धुतले, आतली बारीक गोळी दाबून पाहिली, ती व्यवस्थित उठत-बसत होती. मग सायकलच्या चाकाची एक तार सरळ करून तिचे टोक निपलच्या भोकातून आत घातले. थोड्या अंतरावर ते अडले. जिथे अडले तिथे नखाने खूण धरून तार बाहेर काढली. तीच तार खालच्या निपलच्या भोकात घातली तेव्हा ती त्या खुणेच्या पुढे गेली, गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकी, आणि मग पोलादावर टेकून वेगळा, टणक आवाज झाला. तीन-तीन वेळा करून पाहिले. फरक तेवढाच, दर वेळी तितकाच. खाली तार पिनेपर्यंत पोहोचत होती. वर ती पिनेआधीच कशावर तरी टेकत होती.

चिपळूणचे चाचा आता क्वचितच कोणाकडे जातात. तरुणपणी ते मुंबईत टॅक्सींची कामे करत. पद्मिनी टॅक्सी तिथल्या रस्त्यांवरून 30 ऑक्टोबर 2023 ला कायमची उतरली, त्याच्या कितीतरी आधी ते गावी परतले होते. माझा फोन गेल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "गाडी मास्तरांचीच ना?" आणि 45 किलोमीटर मोटारसायकलवर मागे बसून आले. त्यांनी आधी चाके उचलायला लावली. उजवे चाक वर-खाली धरून हलवले, तर किंचित खुटखुट झाली. पुतण्याला त्यांनी आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवले; खुटखुट नाहीशी झाली. "ब्रेक दाबल्यावर जो प्ले जातो तो बेअरिंगचा. दाबूनही राहतो तो पिनेचा," ते पुतण्याला म्हणाले. "बेअरिंग थोडी घट्ट करू, बास." डावे चाक हलवले तर ते तसूभरही हलले नाही. मी दर वर्षी हीच परीक्षा घेत आलो होतो आणि दर वर्षी डावी बाजू मला जास्त निर्दोष वाटत आली होती. चाचांना ती तशी वाटली नाही. त्यांनी दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड सोडवले, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांपासून आणि स्टिअरिंगपासून मोकळी झाली. उजवे चाक त्यांनी एका बोटाने ढकलले, ते दारासारखे फिरले. डाव्याला बोट लावले, मग तळवा लावला, मग दोन्ही हातांनी धरून खांदा भिडवला, तेव्हा ते कण्हत थोडे वळले. चाचा मागे सरून उभे राहिले, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "दादा, डावीकडे जड आहे."

अण्णा वळणाबद्दल बोलतच नव्हते.

दोन्ही चाके एकमेकांना जोडलेली असतात, तेव्हा एक पिन आवळली तर गाडी डावीकडे वळवतानाही जड जाणार आणि उजवीकडे वळवतानाही तितकीच. मी शृंगारतळीपर्यंत जाऊन जी परीक्षा घेतली, तिचे उत्तर 'सारखेच' असेच येणार होते. अण्णा डाव्या चाकाबद्दल सांगत होते. जड कोणत्या बाजूला आहे हे त्यांनी कशावरून ओळखले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या बाजूची कुरकुर त्यांच्या कानावर आली असेल, किंवा तीस वर्षांच्या सवयीने तळव्यांना ते कळले असेल. एवढे मात्र खरे, की तीन शब्दांत त्यांनी दोषाची जागा नेमकी दाखवली होती, आणि "डावीकडे म्हणजे कुठे?" एवढेही मी त्यांना विचारले नाही.

काम दोन दिवस चालले. चाचांनी जॅक खालच्या हाताच्या बरोबर खाली घेतला आणि पुतण्याला गाडीसमोरून उठवून बाजूला बसवले. त्या स्प्रिंगेत गाडीचा भार कोंडलेला असतो, आणि खालचा हात आधाराविना सुटला तर ती माणसाला पाहत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. पिनेला अडवणारी आडवी खिळी निघाली, पण पिन हलेना. डिझेल सोडून रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पितळी सळई लावून हातोड्याचे घाव घातले, आणि विसाव्या-बाविसाव्या घावाला ती खाली सरकली. हातात आली तेव्हा मी तिच्याकडे पाहतच राहिलो. एकाच पिनेचा खालचा निम्मा भाग आईच्या देवघरातल्या पळीसारखा लखलखीत होता, आणि वरचा निम्मा तपकिरी, खवल्याखवल्यांचा, जुन्या नांगरासारखा गंजलेला. मग चाचांनी वरचा बुश ठोकून काढला. बुशाला ग्रीससाठी एक भोक असते आणि ते निपलच्या भोकासमोरच यावे लागते. या बुशाचे भोक पाव वेढा बाजूला, भरीव लोखंडाला तोंड करून बसलेले होते. निपलच्या मागे बुशाची अखंड पाठ आली होती. त्या पाठीवर एक वाटोळा डाग होता, आणि निपलच्या भोकात मेणासारखी कडक झालेली ग्रीसची एक गुळी अडकली होती. ती मी खिळ्याने उकरून तळहातावर घेतली. करंगळीच्या नखाएवढी होती. बारा वर्षांत त्या सांध्याला मी घातलेले ग्रीस ते एवढे.

बसवणाऱ्याचा राग आधी आला. बुश दाबण्याआधी भोक जुळवून घेणे ही या कामातली पहिली गोष्ट, आणि त्यानंतर एकदा गन लावून पाहिली असती तरी चूक त्याच संध्याकाळी उघडी पडली असती. पण तो राग फार टिकला नाही, कारण 'एकदा पाहिले असते तर' हे वाक्य त्याच्यापेक्षा मलाच अधिक लागू पडते. त्याने एकदाच पाहिले नाही. मी वर्षातून दोनदा, तिथे आडवा होऊन, तोंडाने 'आले' म्हणत पाहिले नाही. बुश बसवताना हाताने चोपडलेल्या ग्रीसवर तो सांधा पहिले काही महिने चालला असणार. मग ते वाळले, मग खारी ओल शिरली, आणि बाहेर ढकलणारे काहीच नसल्यामुळे ती तिथेच राहिली. या सगळ्या काळात वही मात्र निर्दोष होती.

मी ती पिन आईला दाखवली. ओटीवर बसून ती कोकमे निवडत होती. तिने पदराने हात पुसले, पिन हातात घेऊन तिचे वजन पाहिले, गंजलेल्या भागावरून अंगठा फिरवला. "म्हणजे त्यांचा हात बरा होता तर," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "किल्ली माझ्याकडे दिली त्या दिवशी म्हणाले होते, मुलं सांगतात तर तसंच असेल. तुला नाही सांगितलं मी." मग तिने पिन वर्तमानपत्रात गुंडाळून देवघराखालच्या फडताळात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

नवा संच चाचांनी आपल्याकडच्या जुन्या साठ्यातून आणला होता. बुश बसवण्याआधी त्यांनी तो पुतण्याच्या हातात दिला आणि भोक कुठे ठेवायचे ते त्यालाच पेन्सिलीने लोखंडावर आखायला लावले. दाबून बसवल्यावर त्यांनी निपलच्या भोकातून माझीच सायकलची तार घातली. ती आरपार गेली आणि बुशाच्या आतल्या खोबणीत तिचे टोक दिसले. मग रीमर. नवा बुश पिनेपेक्षा किंचित तंग असतो आणि त्याला आतून कातून मापाला आणावे लागते. दोन्ही बुश एका रेषेत यावेत म्हणून लांब रीमर दोहोंमधून एकदम फिरवतात, आणि फिरवायचा तो एकाच दिशेने. उलटा फिरवला तर धार जाते आणि पितळावर ओरखडे उठतात. चाचा अर्धा वेढा कातत, काढत, पितळेचा सोनेरी भुगा फुंकून टाकत, पिन घालून पाहत, पुन्हा कातत. घाई करणारा माणूस इथे हमखास जास्त कातून बसतो. शेवटी पिनेला तेलाचा हात लावून त्यांनी ती वरून सोडली आणि नुसत्या अंगठ्याच्या दाबाने ती एकसारखी, कुठेही न अडखळता खाली गेली. त्यांनी ती पुन्हा काढली आणि मला म्हणाले, "तुम्ही घाला." ते थंड पोलाद माझ्या अंगठ्याखालून सरकत जाताना जो मऊ प्रतिकार जाणवला, तसा स्पर्श दुसऱ्या कशाचा मला आठवत नाही. सगळे जोडून झाल्यावर पुतण्याने गन लावली. डावे वरचे. चौथ्या दाबाला कडेने स्वच्छ, काकवीच्या रंगाची वळी बाहेर आली, आणि त्याने दांडा सोडला नाही. भोवताली पूर्ण वेढा होईपर्यंत तो दाबत राहिला.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. पालशेतच्या रस्त्याला माडांमधून जाणारी दोन वळणे आहेत, तिथे पहिल्या वळणावर मी स्टिअरिंग वळवले आणि वळण संपताना पकड सैल केली. ते तळव्यांखालून सरकत सरळ झाले. मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली. मग परत फिरवून तीच दोन वळणे पुन्हा घेतली, आणि पुन्हा. सत्त्याहत्तर वर्षांच्या दुखऱ्या खांद्यालाही हे सहज पेलले असते.

वहीत त्या दिवसाची तारीख घातली, बदललेल्या भागांची यादी केली, चाचांची मजुरी लिहिली. पुतण्या शेजारी बसून मागची पाने चाळत होता. 2012 नंतरच्या पानांवर, डाव्या वरच्याच्या रकान्यात, पेन्सिलीच्या बारीक खुणा ओळीने उतरत गेल्या आहेत. अण्णांचा हात कापू लागल्यावर त्या थोड्या वाकड्या होत जातात. त्याने विचारले, "या खोडायच्या का?" मी नको म्हणालो. त्या खुणा माझ्या शब्दावर केलेल्या होत्या, पण हात त्यांचा होता.

पाऊस गेल्या वर्षी उशिरापर्यंत रेंगाळला. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गाडीखाली गेलो. डाव्या वरच्या सांध्यातून त्या दिवशी पहिल्यांदा जुने ग्रीस बाहेर आले, ताकासारखे पांढुरके. पुतण्याने ते चिमटीत घेतले, कानाजवळ नेऊन चोळले आणि म्हणाला, "माती नाही. फक्त पाणी आहे." मग वाटीतली टोपी उचलून त्याने निपलवर बसवली आणि वहीत लिहिले, 'पुन्हा आठ दिवसांनी पाहणे.'